उसनं

मेडिकलच्या तळमजल्यावर, नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी
लीलाधरने डावा हात टेबलावर ठेवला
आणि उजव्याने माझा पदर धरला.
जांभळ्या बुचाच्या दोन नळ्या भरल्या.
बाहेर सेहेचाळीस अंश,
रक्त मात्र गार राहायला हवं,
बर्फाचा डबा घेऊन पोरगा धावतच गेला.
त्याच्या पाठीकडे बघत लीलाधर म्हणाला,
"वापस केव्हा देतीन?"

हसू नका.
अख्ख्या तांडापेठेची उसनवारी त्याच्या डोक्यात असते.
पौनीकरांकडे आपली शिडी,
खापेकरांकडे मोठा गंज,
सायकलवाल्या झिबलकडे दोन रुपये, आई होती तेव्हाचे.
वीसच्या पुढे त्याला मोजता येत नाही,
पण कुठली वस्तू दारातून गेली
आणि आली नाही, ते येतं.

जन्मला तेव्हा आईला सांगितलं होतं:
बारा वर्षं. फार तर.
तेरावं लागलं त्या दिवशी आई मागावरून उठली,
पावभर बुंदी आणली,
आणि कारण न सांगता गल्लीभर वाटली.
आज तो सत्तेचाळीसचा.
हा आजार बाराव्या वर्षी येत नाही.
जगला, म्हणून आला असेल तर आला.

डॉक्टर मुनघाटे पेनाने काढून दाखवतात:
एकविसावी जोडी, आणि तिच्या शेजारी तिसरं, आगंतुक.
त्यापायी एक प्रथिन जन्मापासून जास्तीचं बनतं,
मेंदूत साचत जातं,
मग दुसऱ्या एकाचा, ताऊ नावाच्या, गुंता होतो.
मी म्हटलं, बाई, आम्ही कोष्टी.
गुंता आम्हाला नका समजावू.
त्या थांबल्या. पेनाचं टोपण लावलं.
"हा सुटत नाही, धकातेताई.
पण पडायला लागलाय का, ते आता रक्तातून कळू शकतं.
पुढे किती दिवस, ते नाही."

मग विचारलं,
आधी काय काय येत होतं त्याला?

मी गप्प.
शाळेच्या कागदांवर आहे काय येत नाही ते.
दाखल्यावर टक्के आहेत, तेही नसण्याचे.
कोणी मोजलंच नाही जे होतं,
त्यातलं किती गेलं, कुठल्या तोंडाने सांगू?
मीही नव्हतं मोजलं. सख्खी बहीण.

त्या रात्री सुताच्या हिशोबाची जुनी वही काढली.
लिहिलं: कांड्या भरतो, सैल पडत नाहीत.
कूलरमध्ये पाणी टाकतो, आधी बटन बंद करून.
वरण लागायच्या आधी वासावरून ओळखतो.
मला रडू येतंय हे माझ्याआधी ओळखतो.
मग रेघ मारली. रेघेखाली:
चप्पल उलटी.
जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला,
खाली विहीर असल्यासारखा.
पौनीकरांनी शिडी आणून टेकवली, तर म्हणाला,
"कोनाची होय?"

पाच आठवड्यांनी कागद मिळाला.
एक आकडा, दशांशातला,
आणि शेजारी बाण, वर तोंड केलेला.
डॉक्टर बोलत होत्या, मी हो हो करत होते.
आमच्या घरात वर जाणाऱ्या गोष्टी फार नाहीत,
विजेचं बिल, आणि आता हे.

घरी आले. कूलरची टाकी कोरडी.
लीलाधर ओट्यावर.
त्याने माझ्या पिशवीत हात घातला,
कागद काढला, उलटा पालटा केला, ठेवून दिला,
पुन्हा हात घातला, पार तळापर्यंत.
"रक्त नाही आनलं?"

मी तिथेच पायरीवर बसले.
बाण वर आहे. आणि त्याला आठवतंय.
दोन्ही खरं, एकाच दुपारी.

वही घेतली, कोरं पान काढलं.
मेडिकलकडे बाकी, मी लिहिलं, आपल्या दोन नळ्या.
तो खांद्यावरून वाकून बघत होता,
वाचता येत असल्यासारखा.
"जांभळ्या," म्हणाला.
"जांभळ्या लिव."